सहभोजन, चौंडके आणि सीमाभागातील तरुण : पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, हुक्केरी ते सौंदत्ती या पट्ट्यात देवदासींची मुले, जोगप्पा (यल्लम्मा देवीला सोडलेले तृतीयपंथी) आणि दलित वस्त्यांतील तरुण यांना एकत्र रांधण्या-जेवण्यासाठी व नाचगाण्यासाठी बोलावण्याच्या उपक्रमांची मुळे सहभोजनाच्या, म्हणजे जातिभेद मोडण्यासाठी एका पंगतीत जेवण्याच्या, चळवळीत शोधली जातात. निपाणीत १९२५ साली अस्पृश्यांची प्रांतिक परिषद भरली होती, त्यामुळे हा धागा निराधार नाही. मात्र सहभोजनाचा रोख पंगतीला कोण कोणाशेजारी बसतो यावर होता; नाचाचा प्रश्न उभा राहिला तो पुढे, देवदासी प्रथेविरुद्धच्या कायद्यांमुळे.

मुंबई प्रांताने १९३४ साली मुली देवाला सोडणे बेकायदा ठरवले आणि बेळगाव जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरील प्रथा तेवढ्याने थांबली नाही. कर्नाटकाचा १९८२ चा कायदा, जो १९८४ मध्ये अमलात आला, अधिक कडक होता : विधी करणाऱ्याला, त्यात भाग घेणाऱ्याला आणि त्यास साहाय्य करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तर आईवडील किंवा पालक दोषी असल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे.

वादाचे मूळ ‘भाग घेणारा’ या शब्दांच्या व्याप्तीत आहे. चौंडके व तुणतुणे ही तंतुवाद्ये आणि डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन नाचणे हे यल्लम्माच्या भक्तीशी इतके जोडलेले आहे की, ते तरुणांना शिकवणे म्हणजे त्यांना पुन्हा डोंगराच्या वाटेला लावणे, असा आक्षेप घेतला जातो. ज्या घरातील मुलीच्या गळ्यात मणी बांधून तिला देवीला सोडले गेले, तेथून हा आक्षेप येत असेल तर तो हलका मानता येत नाही. परंतु १९८२ च्या कायद्याने गुन्हा ठरवला तो अर्पणाचा विधी; वाद्य वाजवणे किंवा गाणे म्हणणे नव्हे. आंबील आणि घुगऱ्या याही देवीच्या नैवेद्याच्याच, तरी त्या ताटात वाढताना कोणाला कायदा आठवत नाही. नाचाला वेगळी मोजपट्टी लावण्यामागे कायद्यापेक्षा लाजच अधिक दिसते, आणि ती लाज ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच पदरात टाकली जाते.

राज्याच्या १९९३-९४ च्या सर्वेक्षणात २२,८७३ देवदासी नोंदल्या गेल्या, म्हणजे पुनर्वसनाचा हिशेब स्त्रियांचा मांडला गेला. १९८२ च्या कायद्यातही अर्पण केली जाणारी व्यक्ती स्त्रीच होती. देवीला सोडलेले जोगप्पा त्यामुळे ना गुन्ह्याचे बळी ठरले, ना पुनर्वसनाचे लाभार्थी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या तृतीयपंथीयांविषयीच्या निकालात जोगत्या-जोगप्पांचा उल्लेख आला आणि त्यांच्या हक्काला आधार मिळाला. येथे जुना आक्षेप अधिक अडचणीत येतो, कारण चौंडके ही अनेक जोगप्पांच्या पोटापाण्याची विद्या आहे. तरुण जोगप्पाला पंगतीत बसवून त्याचे वाद्य दाराबाहेर ठेवायला सांगणे, हे सहभोजनाच्या मूळ रोखाशीही जुळत नाही.