एका लग्नाचे दोन हजार फोटो : कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

फोटोग्राफर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अल्बम छपाईला द्यायला आलेले स्टुडिओवाले आम्हाला हमखास विचारतात, "सगळ्या फोटोंवर एकदम काम करणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" एकच नाव सांगून मोकळं होणं बरोबर नाही. तुमचा वेळ निवडीत जातो, रंग सुधारण्यात जातो की शेवटी साइज करून देण्यात, हे आधी पाहा. या तिन्ही कामांसाठी साधनं वेगळी आहेत.

निवडीतच रात्र जात असेल, तर फोटो मेकॅनिक पाहा. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलच्या) आत कॅमेऱ्याने ठेवलेला तयार जेपीईजी तो दाखवतो. रॉ उघडत बसत नाही, म्हणून पुढचा फोटो लगेच येतो. शेवटचं साइजिंग अडत असेल, तर इरफानव्ह्यू पुरेसा आहे : 'बी' दाबलं की बॅचची खिडकी उघडते, पूर्ण फोल्डरचा आकार आणि नावं एका फेरीत बदलतात. घरगुती वापराला तो फुकट आहे, पण धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो.

खरं काम रंगाचं

लग्न रॉमध्ये शूट करत असाल, तर आमची पहिली शिफारस लाइटरूम क्लासिक. तुम्ही केलेले बदल तो कॅटलॉगमध्ये, म्हणजे आपल्या वेगळ्या नोंदवहीत, नोंदवतो, मूळ फाइलमधल्या चित्राला हात लावत नाही. एका फोटोवरची सेटिंग शंभर फोटोंवर टाकता येते आणि पटलं नाही तर मागेही घेता येते. नुसत्या 'लाइटरूम' नावाचा दुसरा प्रोग्राम आहे, त्याची बांधणी क्लाउडभोवती आहे. आपल्या हार्ड डिस्कवरच्या मोठ्या ऑर्डरींसाठी 'क्लासिक'च घ्या. २०१७ पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली तर रंग सुधारायचा 'डेव्हलप' विभाग बंद होतो, पण फोटो पाहता येतात आणि एक्सपोर्टही होतात. एकदाच पैसे भरायचे असतील तर कॅप्चर वन कायमच्या परवान्यावरही मिळतो.

बजेट नसेल तर डार्कटेबल घ्या. तो पूर्ण फुकट आहे आणि धंद्यात वापरायलाही मुभा आहे. शिकायला वेळ लागतो हे खरं, पण एका फोटोवरचं काम 'स्टाइल' म्हणून जतन करून बाकीच्यांवर टाकणं त्यात उत्तम जमतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आम्ही कुणाच्याही मशीनवर टाकत नाही. त्यातून व्हायरस आला तर लोकांच्या लग्नाचे फोटो जातात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, फोटोंचे गट विधीनुसार पाडू नका, उजेडानुसार पाडा. सकाळी अंगणात पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली झालेली हळद, हॉलमधल्या पांढऱ्या एलईडीखालचा मुहूर्त, रिसेप्शनचे रंगीत दिवे : प्रत्येकाला वेगळी सेटिंग लागते. अंतरपाट धरलेला असताना व्हिडिओवाल्याने लाइट लावला, तर तिथून पुढे नवा गट सुरू. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करा, मग त्याची सेटिंग बाकीच्यांवर पेस्ट करा. पेस्ट करण्याआधी व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरा पांढराच दिसावा यासाठीचा, आकडा स्वतः ठरवा. 'ॲज शॉट' तसंच ठेवलं, तर प्रत्येक फोटो कॅमेऱ्याने धरलेल्या आपापल्या आकड्यावर राहतो आणि अल्बमच्या एकाच पानावर वधूचे तीन रंग दिसतात. क्रॉप मात्र पेस्ट करू नका, पुढच्या फोटोत कुणाचा तरी फेटा कापला जातो.

आणखी एक मनापासून सांगायचं आहे. चेहरे गोरे करणारा प्रीसेट (तयार सेटिंग) पूर्ण लग्नावर टाकू नका. त्वचा उजळण्यासाठी केशरी आणि पिवळ्या रंगाचा उजळपणा वाढवला, की अष्टपुत्रीचा पिवळा, अंगावरची हळद आणि सोन्याचे दागिने, सगळंच फिकं पडतं. सावळी वधू सावळीच सुंदर दिसते. उजेड कमी पडला असेल तर एक्सपोजर वाढवा.

जेपीईजीवर काम करणाऱ्यांना फोटोशॉपची ॲक्शन (एकदा करून नोंदवलेली कामांची मालिका) आणि ती पूर्ण फोल्डरवर चालवणारं 'बॅच' चालतं, पण 'डेस्टिनेशन'मध्ये नेहमी वेगळा फोल्डर निवडा. 'सेव्ह अँड क्लोज' ठेवलं तर मूळ फाइलच बदलून जाते.

आमच्याकडे छपाईला देताना रंगांची पद्धत एसआरजीबी, आणि ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके). १२ × ३६ इंचांच्या शीटसाठी १०८०० × ३६०० पिक्सेल. पार्टीला, म्हणजे तुमच्या ग्राहकाला, निवडीसाठी पाठवायचे फोटो वेगळे काढा, लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरते.

मशीनबद्दल थोडक्यात : चालू ऑर्डर आणि कॅटलॉग एसएसडीवर, जुन्या ऑर्डरी साध्या हार्ड डिस्कवर, आणि प्रत्येक ऑर्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. लाइटरूममधलं एआय डीनॉइझ (फोटोतले दाणे काढणारी सोय) वापरणार असाल तर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर एकेका फोटोला फार वेळ जातो.

विकत घेण्याआधी स्वतःच्या फोटोंवर करून पाहा. लाइटरूमची चाचणी फक्त ७ दिवस चालते, म्हणून हातात पूर्ण ऑर्डर आल्यावरच ती सुरू करा. वाटल्यास हळद, मुहूर्त आणि रिसेप्शन अशा तिन्ही उजेडांतल्या थोड्या रॉ फाइली पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात या. लाइटरूम आणि डार्कटेबल दोन्हींवर तुमच्यासमोर करून दाखवू आणि त्याच फोटोंचे छोटे प्रिंटही काढून देऊ.