दिसायला जुळी, जन्माने वेगळी

इंग्रजीत 'स्टेशनरी' हा शब्द दोन प्रकारे लिहितात. शेवटच्या 'आर'च्या आधी 'ए' आला तर अर्थ 'स्थिर', 'ई' आला तर 'लेखनसाहित्य'. घोटाळा ठरलेलाच, कारण दोन्ही मुळात एकाच घरचे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आसऱ्याने पुस्तकं विकणारा मात्र एका जागी दुकान मांडून बसे, म्हणून लॅटिनमध्ये तो 'स्टेशनारिउस', म्हणजे ठाण मांडलेला. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ मध्ये उभा राहिला, १५५७ मध्ये त्याला राजाची सनद मिळाली. पुढे दुकानदाराचं नाव त्याच्या मालाला चिकटलं.

फूल आणि पीठ यांची गोष्ट याहून गोड. पीठ या अर्थाचा 'फ्लावर' म्हणजे फुलाचाच 'फ्लावर'. दळून-चाळून निघालेला सर्वांत उत्तम भाग तो धान्याचं 'फूल', अशी ही जुनी कल्पना. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही दोन्ही अर्थ एकाच स्पेलिंगखाली आहेत. 'पूरक' आणि 'प्रशंसा' या अर्थांचे दोन 'कॉम्प्लिमेंट'ही असेच लॅटिनमधल्या 'पूर्ण करणे' या धातूतून आले. प्रशंसेचा तेवढा इटालियन-फ्रेंच दरबारी शिष्टाचारातून फिरून आला. धातू या अर्थाचा 'मेटल' आणि हिंमत या अर्थाचा 'मेटल' हेही एकच. शेक्सपिअरच्या काळात कुठलंही स्पेलिंग कुठल्याही अर्थाने चाले.

खरी गंमत उलट्या बाजूला आहे, जिथे नातं नाही आणि चेहरा मात्र सारखा. 'मेल'ला 'फी' जोडून 'फीमेल' झाला, असं कुणालाही वाटेल. पण 'मेल' लॅटिन 'मास्कुलुस'मधून आला, 'फीमेल' 'फेमेला'मधून, म्हणजे 'लहानशी स्त्री' या अर्थाच्या शब्दातून. फ्रेंचमधून आलेल्या 'फेमेल'चं शेपूट चौदाव्या शतकात लोकांनी 'मेल'सारखं करून टाकलं. व्युत्पत्तीपेक्षा कानाला आणि डोळ्याला काय जुळतं, यावर भाषा चालते ती अशी.

'आयलंड'चं तर सरळ अपहरण झालं. तो जुना इंग्रजी शब्द, 'एस' नसलेला. 'आइल' आला लॅटिन 'इन्सुला'मधून, फ्रेंचमार्गे. दोघांचा अर्थ बेट, म्हणून नातलगच असणार असं समजून लेखकांनी 'आयलंड'मध्येही 'एस' घुसडला. तो उच्चारात कधीच नव्हता, आजही नाही. आणि ज्याच्याकडून तो घेतला, त्या 'आइल'मधलाही 'एस' मधल्या काळात गळून पडला होता. लॅटिनच्या आदराखातर पंडितांनी तो परत आणून बसवला होता.