तिघरा ते रतनगड: ग्वाल्हेरकडच्या पुरांची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरकडची गावं पुरात बुडाली असं सांगितलं तर पुण्या-मुंबईचे नातेवाईक आधी चकित होतात. त्यांच्या डोक्यात हा मुलूख उन्हाळ्याचा, लू लागणारा आणि पाण्याच्या टँकरचा. त्यात खोटं काही नाही. इथला वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये पडून जातो. पण बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा कधी शिवपुरी-श्योपूरवर येऊन रेंगाळतो. खाली विंध्याचा वालुकाश्म, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागाच नसते, सगळं नाल्यांतून नदीत धावतं. तहान आणि पूर दोन्ही एकाच पावसाळ्याच्या पोटात असतात.

या भागातल्या पुरांचा इतिहास बराचसा धरणांचाही इतिहास आहे. पूर आला की बोलणं होतं ते फक्त ढगांवर.

१८९९-१९०० च्या दुष्काळाची, म्हणजे संवत १९५६ च्या ‘छप्पनिया’ची, दहशत उत्तर हिंदुस्थानात पुढे कित्येक वर्षं टिकली. ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे ऐन विशीत होते. त्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानाने पाणी अडवण्याचा सपाटा लावला. आसन नदीवरचं पगारा, पार्वतीवरची ककेटो आणि हरसी ही धरणं याच धोरणातून उभी राहिली, त्यातली काही महाराजांच्या मृत्यूनंतर पुरी झाली. हरसीच्या पाण्यावर आज भितरवार-डबऱ्याकडची भातशेती चालते. हे श्रेय कुणी नाकारत नाही.

ग्वाल्हेर शहराला पाणी देणारं तिघरा धरण सांक नदीवर बांधलं गेलं. चुन्यात घडवलेली दगडी भिंत, उंची सुमारे २४ मीटर. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवलेल्या स्वयंचलित दारांची पद्धत इथेही आणली होती. पण १९१७ चा पावसाळा देशभरातच विलक्षण होता, आणि १९ ऑगस्टला पाणी भिंतीवरून वाहू लागलं. सुमारे ४०० मीटर लांबीवर, जवळजवळ ८५ सेंटिमीटर जाडीचा लोट. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरून भिंतीला वर उचलणारा दाब तयार झाला होता. भिंतीचे दोन मोठे भाग अखंडच्या अखंड पुढे सरकले. म्हणजे दगडकाम फुटलं असं नाही, पाया घसरला.

लाट शहरात आली नाही. सांक शहराच्या पश्चिमेकडून मुरैन्याच्या दिशेने, नूराबादकडे जाते. पाणी गेलं ते त्या वाटेवरच्या गावांवरून. धरणफुटींच्या जागतिक याद्यांत तिघऱ्यापुढे सुमारे हजार मृत्यूंचा आकडा असतो. १९२९ मध्ये धरण पुन्हा बांधलं गेलं आणि आजही ते ग्वाल्हेरला पाणी पुरवतं. पावसाळ्यात भरलेला तलाव बघायला आम्ही डबे घेऊन जातो. १९६१ चं पानशेत मराठी माणसाला तारखेसकट पाठ असतं. त्याच्या ४४ वर्षं आधीचं तिघरा ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही कुणाला फारसं ठाऊक नाही. माझ्या मते कारण साधं आहे. बुडणारी गावं वेगळी होती आणि आठवणी लिहिणारं शहर वेगळं.

सिंध नदीची गोष्ट अलीकडची. ही विदिशा जिल्ह्यात उगम पावते, गुणा, अशोकनगर, शिवपुरी, दतिया, ग्वाल्हेर आणि भिंड असे जिल्हे ओलांडून यमुनेला मिळते. नरवरच्या वरच्या अंगाला तिच्यावर मडीखेडा धरण आहे (मणिखेडाही म्हणतात, सरकारी नाव अटल सागर). दतिया जिल्ह्यात नदीपलीकडे रतनगड मातेचं देऊळ. २००६ च्या नवरात्रात भाविक पायी पात्र ओलांडत असताना मडीखेड्यातून सोडलेलं पाणी आलं आणि माणसं वाहून गेली. त्यानंतर तिथे पूल झाला. २०१३ च्या नवरात्रात त्याच पुलावर, पूल कोसळतोय अशी आवई उठून चेंगराचेंगरी झाली. ११५ माणसं गेली. पूल तेव्हा कोसळला नव्हता. तो वाहून गेला ऑगस्ट २०२१ मध्ये.

त्या आठवड्यात शिवपुरी आणि श्योपूरला काही दिवसांत जवळपास वर्षाचा पाऊस झाला. मडीखेड्याची दारं उघडावी लागली. सिंध, सीप, कुनो, पार्वती एकदम फुगल्या. सिंधेच्या काठच्या सेवढ्याचा पूलही गेला. हजारावर गावांना झळ बसली, सैन्य आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. दतियात पाहणीला गेलेले राज्याचे गृहमंत्रीच पाण्यात अडकले आणि त्यांनाही दोराने वर खेचावं लागलं. बातम्यांत तेच दृश्य फिरत राहिलं. पाटौरींचं कुणी फारसं दाखवलं नाही. दगडी फरश्यांचं छप्पर असलेली ही घरं इकडच्या खेड्यांत घरोघर. जोडणी मातीची. पाणी चढतं तेव्हा ती उभी असतात, ओसरल्यावर भिजलेली माती बसते आणि फरशी खाली येते. म्हणून पूर उतरला तरी लोक घरात जायला धजत नाहीत. कोठीतला गहू तोवर कुजतो, आणि तो गहू म्हणजे पुढच्या होळीपर्यंतचं खाणं. श्योपूर-शिवपुरीकडच्या सहरिया आदिवासींच्या वस्त्यांत तर कोठीही भरलेली नसते.

शेवटचा पेच अजून सुटलेला नाही. धरण सिंचनाचं असेल तर ते पावसाळा संपेपर्यंत भरलेलं हवं, कारण रब्बीचा गहू त्यावर आहे. पूर अडवायचा असेल तर ऑगस्टमध्ये त्यात रिकामी जागा हवी. डबऱ्याच्या कालव्यावरचा शेतकरी धरण भरल्याची बातमी ऐकून पेढे वाटतो. सेवढ्याच्या काठावरचा त्याच बातमीने गुरं सोडून उंचावर न्यायच्या तयारीला लागतो. दार किती उघडायचं हे ठरवणाऱ्या अभियंत्याला दोघांचेही फोन येतात, आणि बहुतेक वेळा कालव्यावरच्याचा आधी लागतो.