‘जड उचलू नका’ : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका सूचनेची पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नागपूरला किंवा सेवाग्रामला होते, टाके निघतात आणि बाई एसटीने गावी परतते. निघताना सांगितलेले असते, “त्या हातानं जड उचलू नका.” जड म्हणजे किती आणि किती दिवस, हे त्या वाक्यात नसते. इकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते, पाणी हापशावरून आणायचे असते. मग एक तर ती हात अंगाशी धरून बसते आणि खांदा आखडतो, नाही तर आठवडाभरात पाण्याने भरला गुंड, म्हणजे मोठा हंडा, डोक्यावर घेते.

ही सूचना जुन्या शस्त्रक्रियेतून आली. १८९४च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथीही काढत. हात सुजे. ती पद्धत रूढ करणाऱ्या सर्जननेच १९२१ मध्ये या सुजेला ‘शस्त्रक्रियेने झालेला हत्तीरोग’ म्हटले. ग्रंथी गेल्या की हातातला लसीकाद्रव, म्हणजे ऊतींमधले पाणी, वाहून जायची वाट अरुंद होते, त्यात ओझे उचलले तर सूज वाढेल, असा तर्क होता. तो पटण्यासारखा होता, पण कोणी तपासलेला नव्हता.

हत्तीरोग या शब्दाने आपल्याकडे वेगळाच घोळ केला. पूर्व विदर्भात डासांमुळे होणारा हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुजलेला हात दिसला की गाव तेच नाव देते आणि बाई लोकांत मिसळायची टाळते. कारण वेगळे असले तरी निगा मात्र बरीचशी सारखी : रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, जखम होऊ न देणे. हत्तीरोगाच्या सरकारी कार्यक्रमात हे गावपातळीवर शिकवले जाते. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोके बोटांत घुसतात. जंतुसंसर्ग होऊन सूज चढायला तेवढे पुरते. ओझ्याबद्दल बजावतात, या टोचण्याबद्दल क्वचितच कोणी बोलते.

ओझ्याचा तर्क मोठ्या अभ्यासात तपासला गेला तो २००९ मध्ये. अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत वजने उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. उलट सूज अचानक चढण्याचे प्रसंग कमी झाले. २०१० मध्ये सूज नसलेल्या स्त्रियांवरही तसाच अभ्यास झाला : वजन उचलणाऱ्यांत ११ टक्के जणींचा हात सुजला, न उचलणाऱ्यांत १७ टक्के जणींचा.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरांचे एक म्हणणे खरे आहे. देखरेखीखाली वाढवलेले वजन आणि एकाएकी डोक्यावर घेतलेला भारा यांत फरक आहे. पण यावरून पायरी पायरीने वजन वाढवायला शिकवावे असे निघते, कायमची बंदी निघत नाही. आखडलेल्या खांद्याने पुढचे उपचारही अडतात : रेडिएशनसाठी हात डोक्यावर नेऊन स्थिर पडून राहावे लागते. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ३९२ स्त्रियांच्या अभ्यासात खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्यांना सातव्या ते दहाव्या दिवसापासून व्यायाम शिकवला. वर्षानंतर त्यांचा हात अधिक चांगला चालत होता. त्याआधी, विशेषतः जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी असेपर्यंत, हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा, ही खबरदारी बहुतेक ठिकाणी पाळतात.

राज्याची आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये सुरू झाली, पहिल्याच टप्प्यात अमरावती आणि गडचिरोली होते. त्यातून शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. व्यायामासाठी पुन्हा पुन्हा शहर गाठायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी घरातूनच जाते. म्हणून सुटी देतानाच, सोबत आलेल्या सुनेला किंवा जावेला समोर बसवून, तिच्या घरातल्या भांड्यांत सांगता येते : टाके सुकले की भिंतीवर बोटे चढवायची, मग पाण्याचा गडवा, मग गुंडी (लहान हंडा), मग अर्धा गुंड, हात जड वाटला की एक पायरी खाली.