संप्रेरक ग्राही जनुके आणि चिंता

संप्रेरक रक्तातून शरीरभर फिरत असले, तरी त्याला ओळखणारे ग्राही प्रथिन ज्या पेशीत असते, तिथेच ते परिणाम करते. हे प्रथिन घडवणारे जनुक म्हणजे संप्रेरक ग्राही जनुक. मेंदूच्या कोणत्या भागात किती ग्राही आहेत, यावर भीती, चिंता आणि जवळीक यांचा कल काही अंशी ठरतो.

सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे आहे. ताण आला की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागातल्या ग्राहींनी ते टिपले की ‘आता पुरे’ असा उलटा संकेत जातो आणि स्राव ओसरू लागतो. ग्राही कमी पडले, तर संकट टळल्यावरही शरीर बराच वेळ सावधच राहते. या ग्राहीचे एनआर३सी१ जनुक माणसात ५व्या गुणसूत्रावर असते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी, मोशे झिफ व सहकाऱ्यांनी २००४ साली याच जनुकाविषयी उंदरांवरचे मोठे काम प्रसिद्ध केले. काही उंदरीण माता पहिल्या आठवड्यात पिलांना सारख्या चाटतात, काही फारशा चाटत नाहीत. भरपूर चाटलेल्या पिलांत या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथिल गट (जनुकाचे काम दबवणाऱ्या रासायनिक खुणा) कमी आढळले, ग्राही जास्त तयार झाले आणि ताणाला त्यांचे शरीर मोठेपणी सौम्य प्रतिसाद देऊ लागले. जन्मताच पिलांची अदलाबदल केली, तेव्हा खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे उमटल्या. डीएनएची अक्षरे तीच राहिली, आईच्या जिभेने त्यांचा वापर बदलला. या विषयात याहून बोलका पुरावा क्वचितच असेल. बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही २००९ साली या जनुकावर जास्त मिथिल गट आढळले.

माणसांत ऑक्सिटोसिन या जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीच्या जनुकातील एकेका अक्षराच्या फरकाचा संबंध सहानुभूतीशी आणि चिंतेशी जोडला गेला. मात्र अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर तो सातत्याने टिकला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार चिंताविकारांतील आनुवंशिक वाटा साधारण ३० ते ५० टक्के भरतो. तोही असंख्य जनुकांत कणाकणाने विखुरलेला आहे. म्हणून एकाच ग्राही जनुकाच्या चाचणीवरून कुणाचा स्वभाव सांगणे चुकीचेच आहे.

प्रेअरी व्होल हा जोडीने राहणारा उंदरासारखा छोटा कृंतक. त्याची जोडी ऑक्सिटोसिन ग्राहीमुळेच जुळते, असे बरीच वर्षे मानले जाई. २०२३ साली क्रिस्पर या जनुकात फेरफार करणाऱ्या तंत्राने या ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्या आणि त्यांच्यातल्या माद्यांनी पिलांना दूधही पाजले.