स्वयंसेवी संगणन (वैद्यकीय संशोधनासाठी)

घरातला कंप्युटर रिकामा असतो तेव्हा त्याची ताकद इंटरनेटवरून एखाद्या संशोधन प्रकल्पाला वापरू द्यायची, याला स्वयंसेवी संगणन म्हणतात. या नोंदीत त्यातला फक्त औषध आणि आजारांशी संबंधित भाग घेतलाय, म्हणजे प्रथिनांच्या लांब साखळ्या दुमडून त्यांना आकार कसा येतो, कुठला रेणू विषाणूच्या कुठल्या खोबणीत जाऊन बसतो, कॅन्सरच्या पेशींमध्ये जनुकांच्या कुठल्या खुणा मिळतात असली कामं. प्रोग्रॅम डाउनलोड करायचा, प्रकल्प निवडायचा आणि सोडून द्यायचं, एवढंच आपल्याला करावं लागतं, ते कुणीही पाच मिनिटांत शिकतं म्हणून त्यावर इथे जागा खर्च केलेली नाही.

नाव. मराठीत याला कुणी संगणकदान म्हणतं, कुणी रिकाम्या वेळेचं दान. दान हा शब्द इथे थोडा चुकतो असं वाटतं, कारण दान दिलं की वस्तू आपल्याकडून जाते, इथे कंप्युटर आपल्याच टेबलावर राहतो आणि काम त्याचं तोच करतो. ‘स्वयंसेवी संगणन’ ही संज्ञा ज्या इंग्रजी शब्दावरून आली तो साधारण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुइस सारमेंटा या फिलिपिनो संशोधकाने एमआयटीत असताना वापरात आणला, आणि त्याने आपल्या सिस्टिमला नाव दिलं ‘बायानिहान’. फिलिपिन्समध्ये एखाद्याचं घर हलवायचं असलं की अख्खं गाव ते खांद्यावर उचलून नेतं, त्या प्रथेचा हा शब्द. हे वाचलं की मराठी माणसाला इर्जिक आठवायला हवं. एखाद्याची नांगरणी मागे पडली की शेजारपाजारचे शेतकरी आपापले बैल-औतं घेऊन येतात, एका दिवसात त्याचं रान उरकतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. सावड वेगळी, सावडीत फेड असते, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. कंप्युटरच्या बाबतीत फेड कुणी मागत नाही, नाव पण बहुतेक वेळा माहीत नसतं, म्हणून इर्जिक हाच शब्द जवळचा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या शहरी मराठी घरांत हा शब्द फारसा ऐकू येत नाही, पण म्हणून तो सोडून द्यायचं काही कारण नाही. ग्रिड संगणन आणि वितरित संगणन हे शब्द पण याच अर्थाने फिरत असतात. ग्रिड म्हणजे खरं तर संस्थांच्या मोठ्या मशिनी एकमेकांना जोडणं, आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचं ‘गरुड’ होतं तसं, त्यात घरच्या माणसाचा काही संबंध नसतो.

सुरुवात. पहिलं कोण, यावर एकमत नाही आणि ते कशाला पहिलं म्हणायचं यावर अवलंबून आहे. रिकाम्या मशिनी शोधून त्यांच्यावर काम पसरवायचा प्रयोग झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप यांनी केला, तो साधारण १९७० च्या दशकाच्या शेवटी चालू झाला आणि १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध झाला, पण त्या एकाच इमारतीतल्या मशिनी होत्या. १९८८ मध्ये आर्येन लेन्स्ट्रा आणि मार्क मनासे यांनी ईमेलवरून कामाचे तुकडे वाटून १०० अंकी संख्येचे अवयव पाडले. खऱ्या अर्थाने परक्या माणसांच्या मशिनी इथून आल्या असं म्हणता येईल. पुढे जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनचा मर्सेन मूळ संख्यांचा शोध आणि १७ मे १९९९ ला बर्कलीचं सेटी अ‍ॅट होम, ज्यात लोक परग्रहावरचे सिग्नल शोधत होते. वैद्यकीय काम नेमकं केव्हा सुरू झालं? इथे तीन दावेदार आहेत आणि तिघंही २००० सालचे. पॉप्युलर पॉवर नावाच्या कंपनीने आपल्या प्रोग्रॅममधून इन्फ्लुएंझाच्या लशीवरचं काम चालवलं, पण ती कंपनी लगेच पुढच्या वर्षी बंद पडली. स्क्रिप्स संस्थेत आर्थर ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने एंट्रोपिया कंपनीच्या नेटवर्कवर फाइटएड्स अ‍ॅट होम चालू केलं. आणि १ ऑक्टोबर २००० ला स्टॅनफर्डमधून विजय पांडे यांनी फोल्डिंग अ‍ॅट होम सुरू केलं. स्क्रिप्सवाले बहुधा काही दिवस आधीचे, आणि फक्त तारीख बघायची तर मान त्यांच्याकडे किंवा पॉप्युलर पॉवरकडे जातो. पण त्या दोन्ही कामांना दुसऱ्याच्या धंद्याचं नेटवर्क लागत होतं, फोल्डिंगने स्वतःचा प्रोग्रॅम केला, विद्यापीठातून चालवला आणि तो आज पंचवीस वर्षांनंतरही चालू आहे, त्यामुळे इथे सुरुवात फोल्डिंगपासून धरली आहे. एप्रिल २००१ मध्ये ऑक्सफर्डचे ग्रॅहम रिचर्ड्स, इंटेल आणि युनायटेड डिव्हायसेस यांचा कॅन्सरचा स्क्रीनसेव्हर आला आणि घराघरात ही गोष्ट बहुधा त्याच्यामुळेच पोचली. २००३ मध्ये देवीच्या रोगावरचा प्रकल्प झाला, आणि त्याच वाटेने १६ नोव्हेंबर २००४ ला आयबीएमचं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड उभं राहिलं. ते २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेंबिल संशोधन संस्थेकडे गेलं.

मधल्या काळात सेटीवाल्या डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून बॉइंक नावाचं सगळ्या प्रकल्पांना चालेल असं एकच सॉफ्टवेअर बांधायला घेतलं. त्यामागे एक दुखरं कारण होतं, सेटीत केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या पॉइंटांसाठी काही लोक खोटी उत्तरं पाठवत होते. म्हणून बॉइंकमध्ये तोच तुकडा दोन अनोळखी मशिनींना देऊन उत्तरं जुळतात का बघायची सोय आली. औषधाच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण एक खोटं उत्तर म्हणजे प्रयोगशाळेत कुणाचे तरी वाया गेलेले सहा महिने.

काम कसं वाटलं जातं. दोन प्रकारची कामं असतात आणि ती दोन्ही एकाच दमात सांगितली जातात म्हणून गोंधळ होतो. पहिलं सोपं आहे, डॉकिंग. एका प्रथिनाच्या खोबणीत लाखो लहान रेणू एकेक करून बसवून बघायचे, कोण घट्ट बसतो. एका रेणूचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, त्यामुळे एक रेणू इंदूरला, दुसरा बडोद्याला, तिसरा ओसाकाला दिला तरी चालतं. स्क्रिप्सचं ऑटोडॉक हे सॉफ्टवेअर यासाठी बनलं आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवरचे बरेच प्रकल्प त्याच्यावर चालले.

दुसरं अवघड आहे, सिम्युलेशन. प्रथिन आणि भोवतीचं पाणी, प्रत्येक अणू कुठे सरकतो ते न्यूटनच्या नियमांनी मोजत जायचं. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, फेम्टोसेकंद त्याचाही शंभर कोटीवा), त्याहून मोठं घेतलं तर अणूंची थरथर निसटते आणि गणित फुटतं. आता हिशोब करा, एक मायक्रोसेकंद बघायचा तर ५० कोटी पावलं आणि एक मिलीसेकंद बघायचा तर ५०,००० कोटी, आणि बरीच प्रथिनं दुमडायला मिलीसेकंद किंवा त्याहूनही जास्त घेतात. शिवाय पुढचं पाऊल मागच्यावर अवलंबून, म्हणजे काम तुकड्यांत वाटताच येऊ नये. एका बाईला नऊ महिने लागतात म्हणून नऊ बायकांना एक महिना पुरत नाही, तसंच हे. मग फोल्डिंग अ‍ॅट होम चालतं कसं? पांडे यांचं म्हणणं असं की प्रथिन बहुतेक वेळ एकाच आकारात, जणू एका खड्ड्यात, नुसतं वाट बघत असतं, आणि दुसऱ्या आकारात उडी जेव्हा होते तेव्हा झटकन होते. सरासरी १० मायक्रोसेकंदांत एक उडी होत असेल तर एका मशिनीवर १० मायक्रोसेकंद चालवण्यापेक्षा १०,००० मशिनींवर प्रत्येकी १० नॅनोसेकंद चालवा, सगळा मिळून १०० मायक्रोसेकंदांचा वेळ झाला, म्हणजे सुमारे दहा मशिनींवर उडी दिसायला हवी.

याला आक्षेप पण तेवढाच ताकदीचा होता. २००२ मध्ये केंब्रिजचे अ‍ॅलन फर्श्ट यांनी दाखवलं की तुकडे फार आखूड असले तर जी उडी अगदी सरळ वाटेने आणि लवकर होते तीच तुमच्या हाती लागते, मधल्या थांब्यांनी जाणारे रस्ते दिसतच नाहीत आणि वेगाचा अंदाज चुकतो. हा आक्षेप योग्यच होता असं मानायला हरकत नाही, कारण पुढे खुद्द या गटाने पद्धत बदलली. आता प्रथिनाच्या आकारांचे शेकडो-हजारो गट करतात, मशिनींकडून आलेल्या तुकड्यांवरून कुठल्या गटातून कुठे जायची शक्यता किती ते मोजतात आणि त्यावरून लांब पल्ल्याचं चित्र जोडतात. याला मार्कोव्ह स्थिती-मॉडेल म्हणतात. यात एकाही तुकड्याला पूर्ण प्रवास करावा लागत नाही, प्रत्येकाने दोन गावांमधला रस्ता दाखवला तरी नकाशा तयार होतो. तुमच्या मशिनीने रात्रभर जे केलं त्यात प्रथिन दुमडलंच नाही, नुसतं हललं, तरी ते वाया जात नाही.

काय मिळालं. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर जपानच्या चिबा कॅन्सर सेंटरने लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी सुमारे ३० लाख रेणू तपासले आणि २०१४ मध्ये त्यातले सात उंदरांवर उपयोगी पडल्याचं कळवलं. उंदरापासून पेशंटपर्यंतचा रस्ता फार लांब असतो हे लक्षात ठेवूनही, ३० लाखांतून सातपर्यंत येणं हेच इथलं काम होतं. २०१६ पासून नॉटिंगहॅम विद्यापीठाने टीबीच्या जंतूच्या भिंतीतल्या मायकोलिक आम्लांचं सिम्युलेशन चालवलं, ती भिंत इतकी चिवट असते की औषधं आत शिरतच नाहीत. जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे पेशंट भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडून अशा कामात जितक्या मशिनी लागतील तितक्या कमीच. क्रेंबिलचा कॅन्सरच्या खुणांचा प्रकल्प २०१३ पासूनचा. सिएटलच्या डेव्हिड बेकर यांच्या रोझेटा अ‍ॅट होमची गोष्ट वेगळीच, त्याचा स्क्रीनसेव्हर बघता बघता लोकांनीच कळवलं की मशीन इथे अडतंय, आम्ही हाताने वळवलं असतं, आणि त्यातून २००८ मध्ये फोल्डइट हा खेळ झाला. बेकर यांना प्रथिनांच्या रचना आखण्यासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२०२० च्या मार्चमध्ये मात्र जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी मशिनी लावल्या, फोल्डिंग अ‍ॅट होमवर दहा लाखांहून जास्त उपकरणं जमा झाली आणि सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या क्रियांचा टप्पा ओलांडला गेला. तेव्हा जगात कुठल्याही एका सुपरकंप्युटरने तो गाठला नव्हता, अमेरिकेच्या फ्रंटियरने तो अधिकृतपणे गाठला २०२२ मध्ये. मदत इतकी आली की वाटायला काम पुरेना, सर्व्हर दमले आणि कित्येक दिवस लोकांच्या मशिनी काम मागत ताटकळल्या. फोल्डिंगच्या ग्रेग बोमन यांच्या गटाने त्यातून करोनाच्या प्रथिनांचं एकूण ०.१ सेकंदाचं सिम्युलेशन जमवलं, स्पाइक हे विषाणूचं काट्यासारखं प्रथिन किती उघडतं ते दिसलं आणि स्थिर फोटोत न दिसणाऱ्या ५० हून जास्त लपलेल्या खोबण्या सापडल्या. अल्फाफोल्ड हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम आल्यावर आता याची गरज संपली असं बोललं जातं, ते पटत नाही. अल्फाफोल्ड दुमडलेला आकार सांगतो. तो आकार हलतो कसा आणि हलताना औषधाला जागा कुठे देतो हा प्रश्न त्याने तितका सुटत नाही, आणि फोल्डिंगचं आजचं काम मुख्यतः तिथलंच आहे.

वीज. रिकामा वेळ म्हणजे फुकट वेळ, ही समजूत जुन्या काळातली. विंडोज ९५-९८ च्या दिवसांत प्रोसेसर बसून असला तरी जवळजवळ कामात असल्याइतकीच वीज खायचा, म्हणून तेव्हा खरंच काही वेगळं जात नव्हतं. आजचा प्रोसेसर रिकामा झाला की झोपतो, त्याला कामाला लावलं की बिल वाढणारच. १०० वॅट जास्तीचे धरले आणि चोवीस तास चालवलं तर महिन्याला ७२ युनिट, फक्त रात्री आठ तास चालवलं तर २४. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तरच पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळायची सवलत असते, त्यामुळे १२० युनिट वापरणाऱ्या घराने चोवीस तास लावलं तर ती सवलतच जाते आणि रात्रीपुरतं लावलं तर आत बसतं. हा हिशोब आधी घरात सांगावा, नंतर बिल आल्यावर नाही. ऑफिस किंवा कॉलेजच्या मशिनीवर परवानगीशिवाय हे टाकू नये, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या कर्मचाऱ्यावर २००० च्या सुमारास यावरून खटला झाला होता.

इंदूर. मालव्यात यासाठी ऋतू बघावा लागतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसा मशीन लावणं म्हणजे पंख्याला छळणं, पण रात्री हवा उतरते तेव्हा खिडकीजवळ ठेवलेला डेस्कटॉप बिनधास्त चालतो. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथल्या कितीतरी मराठी घरांत मुलं पुण्या-बंगलोरला गेलीत आणि त्यांचा कंप्युटर कव्हर घालून ठेवलाय, आई-बाबा त्यावर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतात. अशा मशिनीत ग्राफिक कार्ड असलं तर फोल्डिंगसाठी उत्तम, नसलं तर बॉइंकवरची साधी कामं घ्यावीत. लाइट गेली तर मधे साठवलेल्या टप्प्यापासून काम परत सुरू होतं, फक्त मुदत पाळायची, कारण मुदत उलटली की तो तुकडा दुसऱ्या कुणाला दिला जातो.

राजेंद्रनगरच्या बाजूलाच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, जुने इंदूरकर अजून त्याला कॅटच म्हणतात. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, बीएल-२१ ही प्रथिनांच्या स्फटिकांसाठीची बीमलाइन (क्ष-किरणांचा झोत वापरायची जागा) आहे. क्ष-किरणांनी तिथे प्रथिनाचा आकार काढतात, आणि असे जगभरातले आकार १९७१ पासूनच्या प्रोटीन डेटा बँकेत ठेवले जातात. सिम्युलेशनचं पहिलं पाऊल टाकायला अणू कुठे कुठे बसलेत ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्याच बँकेतून घेतलं जातं.