सात नोव्हेंबरची माणसं

७ नोव्हेंबर १९३८. व्हिएन्नातल्या एरिक कँडेल या मुलाला नवव्या वाढदिवसाला चकचकीत निळी गाडी मिळाली, बॅटरीवरची, दुरून चालवायची. दोन दिवसांनी शहरात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि कँडेल कुटुंबाला घराबाहेर काढलं गेलं. परत आले तेव्हा घर लुटलेलं होतं. गाडीही गेली होती. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. आठवणी मेंदूत कशा साठतात, हे समुद्री गोगलगायीवर अभ्यासून त्याने २००० साली नोबेल मिळवलं.

त्याच ७ नोव्हेंबरला भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइट्नर साठ वर्षांची झाली. ज्यू घरातली म्हणून जुलैतच तिला बर्लिनहून निसटावं लागलं होतं, आता मुक्काम स्वीडनमध्ये. त्याच नाताळात, भाचा ओटो फ्रिश याच्यासोबत तिने युरेनियमचं अणुकेंद्रक दुभंगतं हे उलगडून दाखवलं. या शोधाचं नोबेल मात्र एकट्या ओटो हानला, तिच्या बर्लिनमधल्या सहकाऱ्याला. हे आजही खटकतं.

आणि बदकाची, म्हणजे खरं तर हंसाची, पिल्लं आपल्या मागे-मागे येण्याने प्रसिद्ध झालेला, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक कोनराड लोरेन्झ? तोही त्याच दिवशी पस्तिशीचा झाला. त्याच वर्षी त्याने नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला होता. तिघांचाही जन्म व्हिएन्नातला, तारीख एक, आणि वाटा अशा. पत्रिका जुळवणाऱ्यांनी जरा बघावं.

इकडे बंगळुरात सी. व्ही. रामन यांना त्या दिवशी पन्नास पूर्ण झाली. मेरी क्युरीचा जन्मही ७ नोव्हेंबरचाच, १८६७चा, वॉर्सामधला. लेखक आल्बेर काम्यूही याच तारखेचा.

मेरी क्युरी, रामन, लोरेन्झ, कँडेल, काम्यू. एका तारखेला पाच नोबेलविजेते! या तारखेत काही जादू आहे का? हिशेब करू. आजवरचे नोबेलविजेते हजाराच्या आसपास. वर्षाच्या दिवसांत वाटले तर दर तारखेच्या वाट्याला सरासरी पावणेतीन. पण वाटप कधीच सारखं होत नाही. मूठभर तांदूळ फरशीवर फेकले की काही फरश्यांवर गर्दी होते, काही कोऱ्या राहतात. या हिशेबाने पाच किंवा जास्त विजेत्यांच्या तारखा पन्नासेक तरी निघायला हव्यात.

योगायोग किती स्वस्त असतो, याचं जुनं उदाहरण म्हणजे तेवीस माणसं. क्रिकेटचे दोन संघ आणि एक पंच, एवढ्यांत कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जरा जास्त, ५०.७ टक्के. पन्नास माणसं असतील तर ९७ टक्के. पटत नाही, कारण आपण मनात ‘माझ्या’ तारखेशी कोण जुळतं ते शोधतो. इथे मात्र प्रत्येकाची जोडी प्रत्येकाशी लागते, आणि तेवीस जणांत अशा जोड्या होतात २५३. खास तुमच्याच तारखेचा सोबती मिळण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर इतर २५३ माणसं गोळा करावी लागतील.

या गणितात एक गृहीतक आहे: सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य. प्रत्यक्षात तारीख आधी कुणीतरी कागदावर लिहावी लागते. माइट्नरचीच गोष्ट घ्या. व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या नोंदवहीत तिची जन्मतारीख १७ नोव्हेंबर आहे, बाकी सगळ्या कागदांवर ७.

आपल्याकडे तर विचारूच नका. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचा १ जून, शेजारच्या दोघांचाही १ जून. आजीला जन्म आठवायचा तो ‘पेरणी आटोपली होती’ असा. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा पूर्ण दाखवायची होती, गुरुजींनी टाक बुडवला आणि लिहून टाकलं. त्यांच्या वर्गात जोडी जुळायला तेवीस जण कशाला, पहिल्या बाकावरचे दोघे पुरे होते.